ब्राउझरमधले दप्तर घरी कसे उतरवावे

चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ रोजी पुराचे पाणी शिरले, त्यानंतर कोकणातल्या दुकानदाराला किंवा होमस्टेवाल्याला ‘हिशेब ऑनलाइन ठेवा’ असे वेगळे सांगण्याची गरज उरू नये. मात्र पुरापासून वाचलेले दप्तर ते सांभाळणारी ऑनलाइन कंपनीच बुडाली तर वाचत नाही. १९९९ च्या सुमारास अमेरिकेत डेस्कटॉप डॉट कॉम, मायवेबओएस अशा नव्या कंपन्यांनी ब्राउझरच्या आतच आयकॉन, फोल्डर आणि फायलींसह अख्खा डेस्कटॉप उभा केला होता. कोणत्याही संगणकावरून लॉगिन करावे आणि आपले काम पुढे चालू करावे. कल्पना काळाच्या पुढची होती, परंतु मार्च २००० नंतर डॉटकॉमचा फुगा फुटला आणि त्या सेवा टिकल्या नाहीत.

आज अनेकांचे दप्तर गूगल ड्राइव्हवर असते, म्हणून तिथून त्याची प्रत घरी उतरवण्याची रीत देत आहे. आंब्याचा हंगाम आटोपून हिशेब मिटले की, पाऊस सुरू होण्यापूर्वी, गूगल टेकआउट (आपल्या खात्यातला मजकूर एकत्र उतरवून देणारी गूगलचीच सेवा) उघडावे, सर्व सेवांसमोरच्या निवडीच्या खुणा काढून केवळ ‘ड्राइव्ह’ निवडावे आणि निर्यात सुरू करावी. तयार झालेली झिप फाइल, म्हणजे अनेक फायलींचे एकच गाठोडे, साधारण आठवडाभरच उपलब्ध असते, त्यामुळे ईमेल येताच ती उतरवून घ्यावी. दुसऱ्याच्या मालकीच्या, आपल्याला नुसत्या शेअर केलेल्या फायली तीत येतील असे गृहीत धरू नये. त्या स्वतंत्रपणे डाउनलोड कराव्यात.

फसगत होते ती पुढच्या ठिकाणी. संगणकावर ड्राइव्हचे ॲप असल्यास गूगल डॉक्स आणि शीट्सच्या फायली इतर फायलींसारख्याच दिसतात, पण जीडॉक किंवा जीशीट असा शेवट असलेली फाइल म्हणजे केवळ पत्ता असतो. मजकूर सर्व्हरवरच राहतो. अशा फायली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या, तर हाती काहीच लागत नाही. टेकआउट मात्र त्यांचे वर्ड आणि एक्सेलच्या स्वरूपात रूपांतर करून देते, आणि म्हणूनच हा लांबचा रस्ता घ्यायचा.

झिप उघडून फायली बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात आणि ती डिस्क दुकानात न ठेवता उंचावरच्या घरी, शक्य तर पोटमाळ्यावर, कोरड्या डब्यात ठेवावी. त्याआधी ती दुसऱ्या संगणकाला जोडून, इंटरनेट बंद ठेवून, बुकिंगचा तक्ता आणि दोन-तीन बिले उघडतात का, ते तपासावे.