घरट्याच्या तळापासून सुरुवात करा: पक्षी, परजीवी आणि तापणाऱ्या हवामानावर काम करू पाहणाऱ्यांसाठी

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलं मला विचारतात, "हवामानबदल आणि पक्षी यावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी एका परजीवीचं जीवनचक्र पाठ करा. तो अंडी कुठे घालतो, अळी काय खाते, कोष कुठे होतो, दोन हंगामांच्या मधले महिने तो कुठे काढतो. एवढं पक्कं झालं की तापमानाचे आलेख वाचताना निम्मा गोंधळ आपोआप मिटतो.

"ऊन वाढलं की किडे वाढणार" हे गृहीत धरून लिहिलेले कितीतरी प्रस्ताव माझ्या नजरेखालून गेले आहेत. घरट्यांमध्ये प्रत्यक्ष काय होतं ते पाहा. मध्य स्पेनमध्ये ब्लू टिट हा चिमुकला पक्षी घरटं करतो त्या लाकडी पेट्यांमध्ये पिल्लं असताना उष्णता देणाऱ्या चटया बसवून तापमान सुमारे 3 अंशांनी वाढवण्यात आलं. 2018 साली त्याचे निष्कर्ष छापून आले: तापवलेल्या घरट्यांत माइट (कोळ्याच्या कुळातले बारीक परजीवी) आणि ब्लोफ्लायचे (जिच्या अळ्या पिल्लांचं रक्त पितात त्या माशीचे) कोष दोन्ही कमी निघाले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ट्री स्वॅलो या पाकोळीसारख्या पक्ष्याच्या घरट्यांवर त्याआधी झालेल्या प्रयोगात ब्लोफ्लायच्या अळ्या 25 अंशांच्या आसपास सर्वांत जास्त होत्या. त्याहून थंड आणि त्याहून गरम घरट्यांत कमी. म्हणजे थंड डोंगरात दोन अंश वाढले तर माशीचं फावेल, आणि आधीच तापलेल्या खोऱ्यात तेच दोन अंश तिला बाधतील. शिवाय घरटं तापलं की ते कोरडंही पडतं, आणि ओल हा या जिवांचा मोठा आधार असतो.

उलट हवाईत काय झालं ते बघा. तिथे डास 1826 साली जहाजातून पोचले आणि पुढे पक्ष्यांचा मलेरिया पसरला. या मलेरियाचा परजीवी साधारण 13 अंशांखाली डासाच्या पोटात वाढू शकत नाही, म्हणून 1500 मीटरच्या वरची थंड रानं इइवीसारख्या फक्त हवाईत आढळणाऱ्या पक्ष्यांचा शेवटचा आसरा ठरली. आता ती थंडीच वर सरकते आहे, आणि कावाई बेटावर तर सरकायला आणखी उंच डोंगरच उरलेला नाही. माउई बेटावर 2023 पासून तिथल्या माद्यांमध्ये नसलेल्या प्रकारचा वोल्बाकिया जीवाणू असलेले नर डास सोडले जात आहेत. त्यांच्याशी मीलन झालेल्या माद्यांची अंडी उबत नाहीत. गॅलापागोस बेटांवर फिंचच्या पिल्लांचं रक्त पिणाऱ्या फिलॉर्निस माशीच्या अळ्या 1997 साली पहिल्यांदा घरट्यांत सापडल्या. तिथे पावसाच्या वर्षांत त्यांचं प्रमाण जास्त आढळलंय. चार ठिकाणं, चार वेगळी उत्तरं, आणि प्रत्येकाचं कारण त्या त्या जिवाच्या जीवनचक्रात दडलेलं.

आता हाताने करायच्या कामाबद्दल. मी युरोपात शिकत असताना ओकच्या रानात अशा पेट्यांवर काम केलं, आणि या विषयातलं मला जे काही येतं ते बरंचसं रिकाम्या घरट्यांनी शिकवलं. पिल्लं उडून गेली की घरटं अख्खं उचलून झिप-पिशवीत भरायचं, पेटीचा नंबर आणि तारीख पेन्सिलीने लिहायची (शाई अल्कोहोलने पुसली जाते). पांढऱ्या ट्रेमध्ये ते थराथराने उकलायचं. वर केस आणि पिसं, खाली शेवाळ, आणि अगदी तळाला कोंड्यासारखी भुकटी. त्या भुकटीत गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष चिमट्याला कडक लागतात. तोंड उघडं असेल तर माशी उडून गेलेली. पिशवी उघडताच पिसवा उड्या मारतात, म्हणून ट्रेच्या कडा उंच हव्यात. माइट डोळ्यांनी मोजायच्या भानगडीत पडू नका. गाळणीवर शेवाळ पसरून वरून दिवा लावायचा, खाली अल्कोहोलची बाटली. उष्णता आणि कोरडेपणा टाळत माइट खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. हे काम कंटाळवाणं आहे असं ऐकाल. मला तरी तसं कधी वाटलं नाही.

मोजणी हातात आली की सरासरी काढण्याची घाई नको. परजीवी कधीच सारखे वाटलेले नसतात. बऱ्याच घरट्यांत जवळपास काही नाही आणि मोजक्या घरट्यांत नुसती बुजबुज. एकाच घरट्यातली पिल्लं वेगवेगळे नमुने म्हणून धरता येत नाहीत. त्यामुळे आर (R) ही संख्याशास्त्राची संगणकभाषा शिका, आणि त्यात निगेटिव्ह बायनोमियल (अशा विषम मोजणीसाठी) आणि मिक्स्ड मॉडेल्स (एकाच घरट्यातल्या पिल्लांसाठी) एवढं तरी नीट शिका. आणखी एक: उन्हाचा परिणाम पिल्लावर थेटही होतो. वजन घटलं तर दोष उन्हाचा की माशीचा, हे कळण्यासाठी तापवलेली आणि न तापवलेली, परजीवी काढलेली आणि न काढलेली, अशी चारही प्रकारची घरटी लागतात. बाहेरच्या वेधशाळेचा आकडा इथे पुरत नाही. पेटीच्या आत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारा छोटा लॉगर हवाच.

महाराष्ट्रात राहून सुरुवात करणाऱ्यांना माझा आग्रह आहे, की पक्षीनिरीक्षण चालू राहू द्या, पण दोन-तीन महिने पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या परजीवीशास्त्र विभागात किंवा कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्र विभागात बसा. स्लाइड बनवणं, रक्तातले परजीवी दिसावेत म्हणून गिएम्सा रंग देणं, ओळख-किल्लीवरून (लक्षणांच्या क्रमवार तक्त्यावरून) प्रजाती ओळखणं तिथे रोजचं असतं. पक्ष्याच्या पायात ओळखीचं कडं घालण्याचं प्रशिक्षण बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) लोकांकडून घ्या. रानातल्या पक्ष्याला किंवा घरट्याला हात लावण्याआधी वन विभागाची लेखी परवानगी हवी, रिकाम्या घरट्यासाठीसुद्धा आधी विचारा. 1972चा वन्यजीव कायदा विद्यार्थी म्हणून सूट देत नाही.

परदेशात प्राध्यापकांना ईमेल लिहाल तेव्हा "मला हवामानबदलात रस आहे" या वाक्याने फार काही होत नाही. कोणता पक्षी, त्याच्या घरट्यातला कोणता परजीवी, त्याच्या आयुष्यातली कोणती पायरी तापमानाने बदलेल असं तुम्हाला वाटतं आणि ते तपासायला काय मोजाल, हे चार ओळींत लिहा. सोबत तुम्ही स्वतः काढलेल्या एखाद्या स्लाइडचा फोटो जोडा. युरोपात अशा छोट्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम एप्रिल-मेमध्ये भरात असतो, म्हणून ही पत्रं सप्टेंबर-ऑक्टोबरातच जायला हवीत. व्हिसाला वेळ लागतो, आणि पिल्लं कुणासाठी थांबत नाहीत.