बुटकी स्पोर्ट्‌स कार बर्फात चालवताना या चुका टाळा

जर्मनीत श्टुटगार्ट, म्युनिक किंवा त्यांच्या आसपास नोकरीसाठी स्थिरावलेल्या आपल्या मंडळींपैकी काही जण थोडे पैसे साठले की वापरलेली माझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा जीटी८६ घेतात, आणि पहिला बर्फ पडला की त्यांना दोन परस्परविरोधी सल्ले मिळतात. एक म्हणतो, गाडी मार्चपर्यंत झाकून ठेवा. दुसरा म्हणतो, हिवाळी टायर लावा आणि निर्धास्त फिरा. दोन्ही सल्ल्यांत एकच गल्लत आहे. अशा गाडीपुढे बर्फात टायरची पकड आणि जमिनीपासूनची उंची अशा दोन वेगळ्या अडचणी असतात. पकडीची अडचण योग्य टायरने आणि हलक्या हातापायाने बरीचशी सुटते. उंचीची अडचण मात्र कशानेच सुटत नाही, ती वेळेवर ओळखावी लागते.

बुटकी गाडी बर्फात मुळातच निरुपयोगी असते, हे खरे नाही. १९६८, १९६९ आणि १९७० अशी सलग तीन वर्षे माँटे कार्लो रॅली ही बर्फाळ डोंगररस्त्यांवरची शर्यत पोर्शे ९११ ने जिंकली आणि १९७१ व १९७३ मध्ये अल्पीन ए११० ने. या दोन्ही गाड्यांचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्यामुळे ताकद देणाऱ्या चाकांवरच सर्वाधिक वजन पडते. म्हणून ९११ चालवणाऱ्या सहकाऱ्याचा अनुभव पुढे इंजिन आणि मागे ताकद असलेल्या आपल्या गाडीला जसाच्या तसा लागू करू नये.

टायरच्या बाबतीत होणाऱ्या चुका

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे 'अजून बर्फ कुठे पडलाय' असे म्हणत उन्हाळी टायरवर डिसेंबर गाठणे. तापमान साधारण ७ अंशांच्या खाली गेले की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते आणि कोरड्या रस्त्यावरही पकड घटते. ट्रॅकसाठी बनवलेल्या सेमी-स्लिक टायरना तर गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली नुसते हलवले तरी तडे जाऊ शकतात. जर्मनीतला नियम तारखेला बांधलेला नाही, तो रस्त्याच्या स्थितीवर अवलंबून आहे: रस्त्यावर बर्फ, बर्फाचा राडा किंवा गोठलेले दव असेल तर हिवाळी परिस्थितीसाठी मान्य टायर असलेच पाहिजेत, नाहीतर किमान ६० युरो दंड होतो आणि चालकाच्या नोंदीत एक दंडगुण चढतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर केवळ 'एम+एस' (चिखल आणि बर्फ) ही अक्षरे पुरेशी नाहीत. तीन शिखरे आणि हिमकण यांचे चिन्ह टायरवर असावे लागते. कायद्याने खाचांची खोली १.६ मिमी चालते, पण ४ मिमीच्या खाली गेलेला टायर बर्फात भरवशाचा राहत नाही. ऑस्ट्रियात स्की करायला जाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण तिथे हिवाळी टायर म्हणून मान्यता मिळण्यासाठी ४ मिमी हीच किमान मर्यादा आहे.

'ताकद मागच्या चाकांना जाते, मग मागचे दोनच हिवाळी टायर पुरेत' हा हिशेब तर सरळ धोक्याचा आहे. गाडी निघेल, पण वळणार नाही आणि थांबणारही नाही. टायर चारही बदलावेत आणि शक्यतो रुंद घेऊ नयेत. दोन लिटरच्या एमएक्स-५ वर २०५/४५ आर१७ टायर येतात आणि दीड लिटरच्या गाडीवर १९५/५० आर१६ (पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी). अरुंद टायर भुसभुशीत बर्फ कापत खाली उतरतो, तर रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. मात्र लहान रिम घेण्यापूर्वी ते माप गाडीच्या कागदपत्रांत मंजूर आहे का आणि ब्रेकच्या कॅलिपरला रिम घासत नाही ना, हे पाहून घ्यावे. स्पोर्ट्‌स कारच्या मालकांचे आणखी एका बारीक गोष्टीकडे हमखास दुर्लक्ष होते. टायरची वेगमर्यादा गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी असेल, उदाहरणार्थ टायर 'एच' म्हणजे ताशी २१० किमीचा आणि गाडी त्याहून वेगवान असेल, तर चालकाला दिसेल असे वेगमर्यादेचे स्टिकर लावणे बंधनकारक आहे.

घाटातली सवय बर्फात उलटते

सह्याद्रीच्या घाटांत गाडी शिकलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते की उतारावर गिअर खाली टाकावा आणि इंजिनाने गाडी रोखावी. सवय चांगलीच आहे, पण मागच्या चाकांवर चालणारी हलकी गाडी बर्फावर असताना तिसऱ्यातून दुसऱ्यात टाकून क्लच झटकन सोडला, तर इंजिनाचा सगळा अटकाव एकट्या मागच्या चाकांवर येतो, त्यांची पकड सुटते आणि शेपूट बाहेर येते. उतार सुरू होण्यापूर्वीच योग्य गिअर टाकावा आणि क्लच हळू सोडावा. तरीही मागची बाजू घसरलीच, तर क्लच दाबावा, ज्या दिशेला मागची बाजू चालली आहे त्याच दिशेला स्टिअरिंग थोडे वळवावे, नजर रस्त्यावर पुढे ठेवावी आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टिअरिंगही लगेच सरळ करावे. या शेवटच्या टप्प्यात उशीर झाला की गाडी उलट्या बाजूला अधिक जोराने फिरते. एमएक्स-५ च्या पुढच्या-मागच्या आसांत जेमतेम २.३१ मीटर अंतर असल्याने हे सारे लांब गाडीपेक्षा फार लवकर घडते.

ब्रेक दाबल्यावर पायाखाली थरथर जाणवली की पाय उचलणारेही बरेच असतात. ती थरथर म्हणजे एबीएस, म्हणजे चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आपले काम करत असल्याची खूण आहे. पाय दाबूनच ठेवावा. डिकीत वाळूची पोती टाकण्याचा सल्ला रिकाम्या पिकअप ट्रकसाठी ठीक आहे. जिचे वजन आधीच दोन्ही आसांवर जवळपास निम्मे-निम्मे आहे, तिच्या शेपटीला ओझे टांगले की घसरण सुरू झाल्यावर ती आवरणे अवघड होते.

उंचीचे गणित

या गाड्यांचे पोट जमिनीपासून साधारण १३ सेंटिमीटरवर असते, म्हणजे घोट्याच्या थोडे वर येईल एवढा बर्फ हीच त्यांची हद्द. बर्फ पोटाला लागू लागला की गाडी तो पुढे ढकलत खालच्या खाली दाबत जाते आणि थोड्याच अंतरात स्वतःच तयार केलेल्या त्या घट्ट थरावर चढून बसते. मग वजन चाकांवर उरत नाही आणि जगातला उत्तम टायरही हवेत फिरल्यासारखा फिरतो. इथे जोर लावणे ही चूक आहे. पोटाखालून खरखर सतत ऐकू येऊ लागताच थांबून आपल्याच चाकोरीतून मागे यावे. एव्हाना गाडी बसलीच असेल, तर लोक चाकांपुढचा बर्फ उकरतात. वास्तविक आधी पोटाखालचा उकरायला हवा, म्हणजे वजन पुन्हा चाकांवर येते. त्यानंतर ट्रॅक्शन कंट्रोल (चाके जागीच फिरू लागली की इंजिनाची ताकद कमी करणारी यंत्रणा) तात्पुरते बंद करून दुसऱ्या गिअरमध्ये अगदी हलक्या पायाने निघावे आणि रस्त्याला लागताच ते पुन्हा सुरू करावे. उकरताना सायलेन्सरच्या तोंडापासून सुरुवात करावी. या गाड्यांत ते इतके खाली असते की बर्फाने सहज बुजते, आणि तशा अवस्थेत इंजिन चालू ठेवून आत ऊब घेत बसणे, विषारी धूर आत शिरल्याने, जिवावर बेतू शकते.

बर्फ हटवणारी गाडी रस्त्याकडेला जो बांध रचून जाते तो संध्याकाळी मऊ असतो, पण रात्रीतून दगडासारखा होतो. सकाळी घाईने तो ओलांडायला गेल्यास बंपरचा खालचा ओठ किंवा पोटाखालचे प्लॅस्टिक आवरण तुटते. फावड्याची दहा मिनिटे बंपरपेक्षा स्वस्त पडतात.

लक्षणे आणि कारणे

बर्फातून बाहेर पडून ऑटोबानवर, म्हणजे जर्मन द्रुतगती महामार्गावर, वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागले, तर बॅलन्सिंग बिघडले असे समजून वर्कशॉप गाठण्याची घाई नको. बहुतेक वेळा रिमच्या आतल्या बाजूला एकाच ठिकाणी बर्फ थापून गोठलेला असतो. गाडी सुरक्षित जागी थांबवून आऱ्यांमधून हात घालावा आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने तो पाडावा. थरथर बहुधा तिथेच थांबते.

सकाळी गाडी जागची हलत नसेल, तर ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवल्याने ब्रेक गोठले असण्याची शक्यता असते. कडाक्याच्या थंडीत सपाट जागी गिअरमध्येच गाडी लावणे बरे. ज्या दारांच्या काचांना चौकट नसते, त्या काचा बऱ्याच गाड्यांत दार उघडताना थोड्या खाली सरकतात. काच गोठलेली असताना दार हिसकल्यास रबरी पट्टी फाटते, म्हणून आधी तिची कड मोकळी करावी. कापडी छतावरचा बर्फ मऊ झाडूने काढावा, खरवडणी लावू नये.

रस्त्यावरचे मीठ पोटाखाली साचते, ते मधूनमधून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढावे. जुन्या एमएक्स-५ मध्ये छताचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या कचऱ्याने तुंबल्या की पाणी दाराखालच्या पत्र्यात शिरते आणि तो आतून गंजतो, म्हणून त्या हिवाळ्यापूर्वीच साफ कराव्यात. गाडी ओढायचा हूक सामानाखाली न पुरता हाताशी ठेवावा. बंपरवरचे छोटे झाकण काढून तो आत पिळायचा असतो आणि काही गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात. ते अंधारात, बोटे बधिर झालेली असताना शोधण्यापेक्षा घराच्या अंगणात एकदा लावून पाहिलेले बरे.