रिपोर्टमध्ये ‘अंतर्मुख’ आलं म्हणून फील्डची नोकरी सोडू नका

गावाकडून नागपूर-पुण्याला मुलाखतींना निघालेल्या पोरापोरींसाठी हे लिहितेय. व्यक्तिमत्त्व चाचणी म्हणजे प्रश्नांच्या उत्तरांवरून तुमचा स्वभाव सांगणारी चाचणी. स्वभावाचे चार अक्षरांच्या नावांचे (‘आयएनएफजे’सारखे) सोळा प्रकार सांगणाऱ्या चाचण्या तर मोबाइलवर फुकट मिळतात. माझ्या रिपोर्टमध्ये ‘अंतर्मुख’ आलं आणि क्लासच्या समुपदेशकांनी सांगून टाकलं, ‘तुला फील्डचं काम जमायचं नाही, ऑफिसातलं काहीतरी बघ.’ ते वाक्य अजून टोचतं. आज मी गावोगाव शेतकरी गटांच्या बैठका घेते.

खरी गोम प्रश्नांत आहे. ‘अनोळखी लोकांत तुम्ही स्वतःहून बोलायला सुरुवात करता का?’ हा प्रश्न मी एसी लॅबमध्ये, इंग्रजीत वाचला. आजूबाजूला फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं. डोळ्यांसमोर तीच खोली होती, मग उत्तर ‘नाही’च येणार. त्याच हंगामात मी बाबांसोबत हिंगणघाटला कापसाची गाडी घेऊन गेले होते. व्यापाऱ्यानं गाडीच्या तळातून मूठभर कापूस ओढला, दाबला नि म्हणाला, ‘ओला आहे.’ बाबा गप्प. मी म्हटलं, ‘काका, मीटर लावा, मग बोला.’ कापसात आठ ते बारा टक्के ओलावा चालतो, हा हिशेब मला पाठ होता, आणि चारचौघांत बोलायला जीभ अडखळली नाही. यातली खरी मी कोणती? दोन्ही. लॅबमध्ये मोजला गेला तो माझा इंग्रजीचा धाक, आणि कागदावर तो स्वभाव म्हणून उतरला.

म्हणून प्रत्येक प्रश्नाला आधी विचारा: कुठं? कोणासोबत? घरी, कॉलेजात, बाजारात अशा तीन ठिकाणी स्वतःला उभं करून बघा. तिन्हीकडं उत्तर एकच आलं तर ते तुमचं. वेगवेगळं आलं तर मधला पर्याय निवडा, आणि रिपोर्टमधली ती ओळ जपून वाचा. घाईत टिकमार्क करत सुटू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगतेय कारण आपली गावाकडची पोरं इथंच मार खातात.

दुसरं म्हणजे, हे सोळा प्रकार (मूळ चाचणीचं नाव एमबीटीआय) मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगच्या 1921 च्या विचारांवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींनी बांधले. बहुतेक माणसं मधे कुठंतरी असतात, तरी रेघेच्या जरा अलीकडं पडलं की अंतर्मुख, पलीकडं पडलं की बहिर्मुख. थोड्या दिवसांनी तीच चाचणी दिली तर अनेकांची अक्षरं बदलतात. नोकरभरतीसाठी ही चाचणी वापरू नका, असं तिचं काम पाहणारी संस्थाच सांगते. त्यापेक्षा स्वभावाचे पाच गुण मोजणारी ‘बिग फाइव्ह’ चाचणी बरी. ती खोक्यात न टाकता कोणता गुण किती ते दाखवते.

आणि ‘अगदी माझंच लिहिलंय’ असं वाटलं तर जरा थांबा. 1948 मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी 39 विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एकच वर्णन वाटलं. मजकूर ज्योतिषाच्या पुस्तकातला. पोरांनी त्याला पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले!

तयार उत्तरांच्या पीडीएफ विकणाऱ्यांच्या नादी अजिबात लागू नका. तोच प्रश्न फिरवून पुन्हा विचारतात, तिथं खोटं उघडं पडतं. आणि ज्यानं तुम्हाला एक दिवसही काम करताना पाहिलं नाही, त्याचा सल्ला कितीही गोड असो, मला तो पटत नाही.

घाबरू मात्र नका. चाचणी वाया जात नाही. हाती घेतलेलं काम मी अर्धवट सोडत नाही, असं माझ्या रिपोर्टमध्ये होतं. आमची काकू लहानपणापासून तेच म्हणते, म्हणून ती ओळ मी ठेवली.

कोणी रिपोर्ट दाखवून ‘हे तुला जमणार नाही’ म्हणालंच, तर शांतपणे विचारा, ‘सर, कोणत्या उत्तरांवरून?’ ती उत्तरं समोर ठेवायला लावा आणि प्रत्येकाला आपल्या कामातला एक प्रसंग सांगा. दोन-तीन प्रसंग घरूनच लिहून न्या. ऐनवेळी काही आठवत नाही.