रिंगणातला घोडा आणि हरवलेली रॉ फाइल

एका ऑनलाइन फोटो स्पर्धेच्या आयोजकांचा मेल आला, त्यात माझ्या फोटोबद्दल दोनच प्रश्न होते. घोड्याच्या पाठीवर झूल आहे, मग स्वार कुठे गेला? आणि मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातून निघालेली, एडिट न केलेली), आधीच्या आणि नंतरच्या फ्रेम्ससकट, ७२ तासांत पाठवता येईल का?

फोटो पंढरीच्या वारीत खुडूस फाट्याला होणाऱ्या गोल रिंगणातला होता. रिंगण पाहिलंय त्याला सांगायला नको: आधी स्वाराचा अश्व जातो, मागून माउलींचा अश्व येतो, आणि त्याच्यावर कुणीही बसत नाही, कारण माउली आरूढ आहेत ही वारकऱ्यांची श्रद्धा. पहिला अश्व पुढे गेला तशी माझ्या शेजारच्या एक आजी खुराखालची माती घ्यायला वाकल्या. त्यांची बोटं मातीत आणि मागे माउलींच्या अश्वाचे चारही पाय हवेत. बोटांच्या पेरांत अडकलेली ओली माती आणि हिरव्या बांगडीवर उडालेला चिखल आजही मला डोळे मिटून दिसतो.

परदेशी परीक्षकांना रिंगण कुठून माहीत असणार? त्यांना वाटलं, स्वार पुसलाय किंवा घोडा दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलाय. शंका रास्त होती, आता मला ती पूर्ण पटते. माझ्याकडे उत्तर होतं, पण पुरावा नव्हता. फोटो अंतिम फेरीतून बाद झाला.

ऑनलाइन स्पर्धांमध्ये नव्याने उतरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. लांबी-रुंदीचे पिक्सेल, एसआरजीबी ही रंगांची पद्धत, फाइलचं नाव, फोटोवर सही किंवा वॉटरमार्क नको, हे तुम्हाला ठाऊकच असेल. त्यात चुकलात तर पहिल्याच चाळणीत जाल, आणि पुढच्या वेळी नियम नीट वाचाल. मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं, कारण तिथे बाद झालेला माणूस बेइमान नसतो आणि तरीही त्याच्यावर तसा शिक्का बसतो.

माझं काय चुकलं ते सविस्तर सांगतो. वारीच्या त्या तीन दिवसांत अडीच हजारांवर फ्रेम्स झाल्या होत्या. एकेक रॉ २५ एमबीच्या आसपास, आणि लॅपटॉप २५६ जीबीचा. निवडलेले फोटो एडिट केले, पूर्ण आकारात जेपेग काढले आणि दिवाळीच्या सुमारास जागा हवी म्हणून बाकी सगळं उडवलं. लाइटरूम या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये डिलीट दाबलं की दोन पर्याय येतात, फक्त कॅटलॉगमधून, म्हणजे त्याच्या यादीतून, काढायचं की डिस्कवरूनच काढायचं. मी दुसरा निवडला. ‘एडिट झालं, एक्सपोर्ट झालं, आता रॉ कशाला?’ हे वाक्य मी तेव्हा मोठ्याने म्हटलेलं आठवतं.

मेल आला मार्चमध्ये, तोही जीमेलच्या प्रमोशन्समध्ये जाऊन पडलेला. बघितला तेव्हा ७२ तासांतले ४० उरले होते. रिकव्हरीची दोन सॉफ्टवेअर चालवून पाहिली, पण लॅपटॉपला एसएसडी होती. एसएसडीवरून खोडलेली फाइल बहुतेक वेळा कायमची जाते, जुन्या हार्ड डिस्कसारखी मागून सापडत नाही. कार्ड तर त्यानंतर दहा वेळा फॉरमॅट झालं होतं.

शेवटी पूर्ण आकाराचा जेपेग पाठवला, एक्झिफची (फाइलमध्ये साठलेली तारीख-वेळ, कॅमेरा वगैरे) माहिती पाठवली, रिंगण म्हणजे काय यावर दीड पान लिहिलं. मित्राने त्याच रिंगणाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओही जोडला. यातलं काहीच ग्राह्य धरलं गेलं नाही, आणि धरायलाही नको होतं. जेपेग कुणीही कशातूनही बनवू शकतो. एक्झिफमधली तारीख-वेळ दहा रुपयांचं ॲप बदलून देतं. मित्राच्या व्हिडिओवरून रिंगण झालं हे कळतं, माझी फ्रेम खरी आहे हे कळत नाही. रॉ फाइलमध्ये मात्र सेन्सरने टिपलेला मूळ डेटा असतो आणि तो बेमालूम बनवणं फार अवघड. त्यातही खरी ताकद आधीच्या-नंतरच्या फ्रेम्सची. बर्स्टमध्ये, म्हणजे एका दमात सलग काढलेल्या फ्रेम्समध्ये, घोडा एकेक पाऊल सरकतो, आजींचा हात खाली येतो, मागची पताका हलते. असा क्रम खोटा रचायला कुणी बसत नाही. म्हणून फक्त ‘चांगला’ फोटो ठेवून त्याचे शेजारी उडवू नका. मी शेजारी आधी उडवले होते, मुख्य फाइल नंतर.

आयोजक इतके काटेकोर का, तेही समजून घ्या. २०१७ च्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत मार्सिओ काब्राल यांच्या ‘द नाइट रेडर’ या फोटोला पारितोषिक मिळालं होतं. ब्राझीलमधलं वाळवीचं वारूळ आणि त्याकडे येणारा मुंगीखाऊ. पुढे शंका आली की तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला आहे. काब्राल यांनी आधीच्या-नंतरच्या रॉ फाइल्स दिल्या, पण त्यांतल्या एकीतही मुंगीखाऊ नव्हता. तज्ज्ञांनी तुलना केली आणि २०१८ मध्ये फोटो बाद झाला. काब्राल यांनी आरोप नाकारला होता. अशा प्रकरणांनंतर आयोजकांनी माझ्या शब्दावर विसंबावं ही अपेक्षा चुकीचीच. त्यात आता एआयने बनवलेली चित्रं आली. २०२३ मध्ये बोरिस एल्डागसेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये निवडलेलं आपलं चित्र एआयने केल्याचं सांगून पारितोषिकच नाकारलं.

पुसापुशीबद्दल थोडक्यात. २०१२ च्या नॅशनल जिऑग्राफिक स्पर्धेत हॅरी फिश यांचा वाराणसीचा फोटो आपल्या विभागात जिंकला आणि मग बाद झाला. कडेला दिसणारी एक प्लॅस्टिकची पिशवी त्यांनी पुसली होती. ती तशीच ठेवली असती किंवा क्रॉप करून घालवली असती तरी चाललं असतं. एवढं एक उदाहरण लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. सेन्सरवरची धूळ काढणं बहुतेक ठिकाणी चालतं. विजेची तार, माणूस, फांदी काढणं वार्तांकन आणि निसर्ग विभागात चालत नाही. रिमूव्ह टूलमधला जनरेटिव्हचा (एआयने जागा भरून देणारा) पर्याय तर स्पर्धेच्या फोटोसाठी कधीच लावू नका.

कॅप्शनही तितकंच जपा. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने जोव्हानी त्रोइलो यांचं पारितोषिक काढून घेतलं. मालिका बेल्जियममधल्या शार्लरुआ शहरावर, आणि त्यातला एक फोटो ब्रसेल्सच्या मोलेनबेकमधला निघाला. खुडूसचा फोटो ‘पंढरपूर’ म्हणून देऊ नका, लोकांना कळायला सोपं जातं म्हणूनही नको.

आता माझं एक ठाम मत. वर्कशॉपला नेऊन म्हातारबाबा बसवायचे, धूर सोडायचा, बारा जणांकडून एकच फ्रेम काढून घ्यायची आणि मग ‘सलॉनला (म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनाला) पाठवा’ म्हणायचं, अशा गुरूंपासून लांब राहा. परीक्षकांच्या पुढ्यात एकाच बाबांचे सहा फोटो येतात तेव्हा सहाही जण संशयात सापडतात, आणि नुकसान शिकणाऱ्याचं होतं, गुरूचं नाही. ‘स्वीकृती (निवडल्या गेलेल्या फोटोंची संख्या) वाढेल, नाव बदलून परत पाठव’ असं सांगणाराही तसाच. फियाप आणि पीएसए या फोटोग्राफीच्या संस्थांच्या नियमांत एकदा स्वीकारलेला फोटो वेगळ्या शीर्षकाने पाठवता येत नाही. मला खऱ्या अर्थाने शिकवलं ते साताऱ्यातल्या एका लग्नाच्या फोटोग्राफरकाकांनी. ते प्रत्येक लग्नाच्या फाइल्स दोन डिस्कवर ठेवतात, एक दुकानात आणि एक घरी. मी त्यांना माझं सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “दुसरी कॉपी कुठंय बाळा?”

घाबरू नका मात्र. बाद झाल्याचा मेल आला म्हणजे तुमचं नाव कुठे काळ्या यादीत गेलं असं नसतं. त्याच संस्थेच्या पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत मी पुन्हा फोटो पाठवला, त्यांनी रीतसर घेतला. पण प्रवेश फी परत मिळत नाही, आणि ते तीन आठवडे मी कॅमेऱ्याला हात लावला नाही, हेही खरं आहे. मोबाइलवर काढत असाल तरी हेच लागू: मूळ फाइल फोनमधून थेट उतरवून ठेवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको, कारण तिच्यातली माहिती गळून गेलेली असते. आणि निकालाच्या महिनाभर आधीपासून रोज प्रमोशन्स आणि स्पॅम उघडून बघा.

यंदाच्या आषाढात पुन्हा खुडूसला गेलो. त्या आजी दिसल्या नाहीत. अश्व मात्र डोळ्यांसमोरून गेला. त्या दिवसाच्या ६१२ फ्रेम्स झाल्या, त्यातल्या निम्म्या हललेल्या. एक डिस्क माझ्या टेबलावर आहे, दुसरी काकांच्या दुकानात, आणि हललेल्यांसकट सगळ्या फ्रेम्स दोन्हीकडे आहेत.