रस्त्यावर रेस लावल्याची केस पडली? आधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बेळगावजवळच्या येळ्ळूर भागातले एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले. हातात चार घड्या घातलेला कन्नड कागद, मागं मान खाली घालून उभा असलेला त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा. "वकीलसाहेब, पोरानं दोस्ताबरोबर गाडी पळवली. दंड किती तेवढं सांगा, भरून मोकळा होतो की."

कागद उघडून बघितला. ती दंडाची पावती नव्हतीच, गाडी जप्तीचा पंचनामा होता. खाली मुलाची सही, देवनागरीत. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं. चौकशी केली तर कळलं, त्या रात्रीचा रील त्यानं स्टेशनातून घरी येता येताच डिलीट केला होता.

रेस झाली होती दीड मिनिटाची. केस जड झाली ती पुढच्या दीड दिवसात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही असं प्रकरण आलं की बहुतेक वेळा हेच दिसतं, म्हणून लिहितोय.

पहिली चूक: कलम न बघता दंड विचारायचा

रस्त्यावरच्या रेसला मोटार वाहन कायद्यात स्वतंत्र कलम आहे, १८९. राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहनांची शर्यत किंवा वेगाची चाचणी लावली, तीत भाग घेतला किंवा ती होऊ दिली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा सापडलात तर एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजार. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या वेळचा दंड फक्त ५०० रुपये होता. घरातली मोठी माणसं अजून त्याच हिशेबात असतात.

पण १८९ एकटं क्वचित येतं. सोबत कलम १८४ असतं, म्हणजे धोकादायक चालवणं: सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा १ ते ५ हजार दंड, किंवा दोन्ही. त्याच्या जोडीला भारतीय न्याय संहितेचं २८१, बेदरकार वाहन चालवणं, जे जुन्या आयपीसीत २७९ होतं. कुणाला लागलं असेल तर १२५. कुणी गेलं तर १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. "एकाच गोष्टीला दोन दोन कायदे कसे लावता?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणी ना कुणी विचारतं. लावता येतात. रस्त्यावरच्या अपघाताला मोटार वाहन कायदा असला तरी दंड संहितेखालीही खटला चालतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये स्पष्ट केलंय.

तेव्हा आधी एफआयआरची प्रत घ्या आणि कलमं एका कागदावर मराठीत उतरवून काढा. पुढचं सगळं त्यावर ठरतं.

इथंच एक सीमाभागातला गैरसमज. गाडी एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंगची आहे, हद्दीवरच्या शिनोळीच्या पलीकडं गेलो की कर्नाटकचे पोलीस काय करणार, असं पोरं बिनधास्त बोलतात. कायदा केंद्राचा आहे, कलमं दोन्हीकडं तीच. फरक पडतो तो जागेवरच्या तडजोडीच्या, म्हणजे ठरलेली रक्कम भरून खटला मिटवण्याच्या दरात, कारण ते दर प्रत्येक राज्य आपापले ठरवतं. गुन्हा जिथं घडला तिथल्या कोर्टात खटला चालतो, नंबरप्लेट केए २२ असो की एमएच ०९.

आणखी एक. "जत्रा कमिटीनं हो म्हटलं होतं", "पंचायतीला माहीत होतं" हा बचाव नव्हे. कायद्याला हवी आहे ती राज्य सरकारची लेखी संमती. आमच्याकडं शर्यत म्हटलं की आधी बैलगाडा आठवतो. त्या शर्यतींना मोकळीक देणारी कर्नाटकची दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये कायम ठेवली. त्या परवानगीवर बैलांच्या शेजारून बाईक हाणायला मिळत नाही.

रील डिलीट करणं

पोरांना वाटतं, व्हिडिओ गेला की पुरावा गेला. तो तोवर दहा जणांच्या स्टेटसला लागलेला असतो. वर भानगड अशी, की पुरावा म्हणून पुढं येऊ नये या हेतूनं इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणं हा वेगळाच गुन्हा आहे. न्याय संहितेचं कलम २४१, तीन वर्षांपर्यंत कैद. रेसच्या पहिल्या गुन्ह्याला तीन महिने आणि रील पुसायला तीन वर्षं! फोनला हात लावू नका. नवीन काही टाकू नका, कुणाच्या पोस्टखाली "आम्हीच होतो" असली फुशारकी मारू नका.

उलट तो व्हिडिओ तुमच्या कामाला येऊ शकतो. कोर्टात चालायला त्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याचा नवा कायदा) कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, जुनं ६५-ब. ते नीट जोडलेलं आहे का, गाडीचा नंबर दिसतो का, हेल्मेटआडचा चेहरा ओळखू येतो का, तारीख-वेळ कुठून आली, हे सगळं उलटतपासणीत विचारता येतं.

न वाचता सही

स्टेशनात चहा देतील, गोड बोलतील, "सही कर, जा घरी" म्हणतील. पंचनाम्यावर, जप्तीच्या कागदावर सही मागतात, ते वेगळं. पण तपासात दिलेल्या जबाबावर तुमची सही घ्यायची नाही, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (तपास आणि खटला कसा चालवायचा तो कायदा) कलम १८१ सांगतं. आणि पोलिसापुढं दिलेली कबुली तुमच्याविरुद्ध शाबित करता येत नाही, साक्ष अधिनियम कलम २३. घाबरून "होय साहेब, आम्ही पैज लावली होती" म्हणून बसलेल्या पोरांना हे सांगितलं की त्यांच्या जिवात जीव येतो. कन्नड वाचता येत नसेल तर तसं सांगा, वाचून दाखवायला सांगा, आणि तरी दाखवला नाही तर सहीशेजारी "मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर वाचून दाखवला नाही" असं आपल्या हातानं मराठीत लिहा. कोर्टात साक्ष तुम्हाला न समजणाऱ्या भाषेत होत असेल तर ती समजणाऱ्या भाषेत सांगण्याची तरतूद संहितेत आहे. ती मागायला लाजू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, फोन १५१००.

घाईत "तप्पु" (कन्नडमध्ये चूक) कबूल करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिल्या तारखेला जज विचारतात, गुन्हा कबूल आहे का. मागून कुणीतरी कुजबुजतं, "हो म्हण, दोन-तीन हजारात सुटशील." पोरगा हो म्हणतो. ती शिक्षा रेकॉर्डला लागते. बचावाला जागा होती की नाही, कुणी बघितलंच नाही.

जागा कुठं असते ते बघा. १८९ साठी वाहनांमधली शर्यत सिद्ध व्हावी लागते. एकट्यानं व्हीली मारली, म्हणजे पुढचं चाक उचलून गाडी चालवली, तर ती धोकादायक असेल, १८४ किंवा २८१ लागेल, पण दुसरं वाहनच नसताना शर्यत कशी? दोन दोस्त एकाच दिशेनं जोरात निघाले, एवढ्यावरून पैज लागली होती असं होत नाही. इशारा कुणी दिला, सुरुवातीची जागा कुठली, शेवट कुठं, हे साक्षीदारानं सांगायला हवं. जागा सार्वजनिक हवी. लोकांना जायचा हक्क आहे असा रस्ता किंवा ठिकाण, मग तो वाहता रस्ता नसला तरी चालतो. त्यामुळं "अर्धवट लेआऊटमधला रस्ता होता" हे सांगून दर वेळी भागत नाही. कुंपण घातलेल्या, गेट लावलेल्या खासगी जागेची गोष्ट वेगळी.

वेगाचं कलम १८३ लावलं असेल तर त्याच कलमात एक आडकाठी आहे. "मला गाडी ऐंशीनं वाटली" अशा एकाच साक्षीदाराच्या अंदाजावर शिक्षा होत नाही, तो अंदाज यंत्राच्या मोजमापावर आधारलेला असावा लागतो. मग विचारा, यंत्र कुठलं, चालवलं कुणी, नोंद कुठंय.

कलम २०९ तर निम्म्या वकिलांच्याही लक्षात नसतं. १८३ किंवा १८४ खाली शिक्षा व्हायची असेल तर तीनपैकी एक गोष्ट घडलेली हवी: गुन्ह्याच्या वेळीच खटल्याबद्दल ताकीद दिलेली, किंवा १४ दिवसांत वेळ-जागा लिहिलेली नोटीस पाठवलेली, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेलं. नाव-पत्ता शोधूनही मिळाला नाही किंवा आरोपीनंच टाळाटाळ केली तर त्याला अपवाद आहे. म्हणून नोटिशीचा लिफाफा फेकू नका, पोस्टाचा शिक्का कामाला येतो. मात्र २०९ चा फायदा १८९ ला मिळत नाही.

आणि २८१ साठी नुसता वेग पुरेसा नाही. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या खटल्यात सांगितलं, की गाडी "हाय स्पीड"नं होती म्हणजे चालक बेदरकार होता असं आपोआप ठरत नाही. रस्ता कसा होता, वर्दळ किती, नेमकं काय केलं, हे पुराव्यात आलं पाहिजे. तवंदी घाटातलं वळण आणि रात्री बाराचा मोकळा हायवे एकाच मापानं मोजता येत नाहीत. हा बचाव भरवशाचा मात्र समजू नका. बेळगाव जिल्हा ज्याच्या कक्षेत येतो त्या कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठानं २०२५ मध्ये व्हीलीच्या एका प्रकरणात जामीन नाकारताना कायदा कडक करा असं सरकारला सुचवलंय.

हे सगळं बघूनही पुरावा पक्का दिसला तर कबुली द्यायला हरकत नाही. पण तेव्हा नुसतं "तप्पु आयतु" (चूक झाली) म्हणू नका. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंती करा. त्या कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळं येणारी अपात्रता दूर ठेवतं. कुणाचा जीव गेला असेल तर ही सवलत मिळेल या आशेवर राहू नका.

"पावती फाडली, विषय संपला"

संपत नाही. १८९ ची तडजोड होऊ शकते, पण १८४ ची फक्त मोबाईल हातात धरल्यापुरतीच. तडजोड झाली तरी तो तुमचा पहिला गुन्हा म्हणून मोजला जातो, म्हणजे पुढच्या वेळी वाढीव शिक्षा. लायसन्सचं प्रकरणही वेगळं चालू राहतं: पोलीस ते जप्त करून आरटीओकडं पाठवतात, आणि पहिल्या वेळी तीन महिने निलंबित, दुसऱ्या वेळी ते रद्दच होऊ शकतं. आरटीओनं म्हणणं ऐकून घ्यायला पाहिजे. त्या सुनावणीला जा! लोक जात नाहीत. आदेश विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस असतात.

बापानं किल्ली दिली तर

मुलगा अठराच्या आतला असेल तर कलम १९९-अ. पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. पालकाला माहीत होतं असं कोर्ट गृहीतच धरतं. माहीत नव्हतं किंवा पुरेशी काळजी घेतली होती, हे आपण सिद्ध करायचं. किल्ली कपाटात होती का? घरात आधी भांडण झालं होतं का? शेजाऱ्याची साक्ष इथं उपयोगाची. मोठ्या भावाला चालक म्हणून पुढं करायचा सल्ला द्यायला नातेवाईक तयारच असतात. ऐकू नका, त्यात दोघंही अडकतात.

विम्याबद्दल थोडक्यात: पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. आयोजित शर्यत असेल तर समोरच्याची भरपाई द्यायलाही कंपनी हरकत घेऊ शकते, आणि ती रक्कम शेतावर, घरावर येते. स्वतःच्या बेदरकारपणानं गेलेल्या चालकाच्या घरच्यांना भरपाई नाही, हा निकालही जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्याच अपघातावर सर्वोच्च न्यायालयानं कायम केला.

फॉर्मवर लपवणं

त्या येळ्ळूरच्या मुलाचं खरं दुखणं वेगळं होतं. त्याला अग्निवीर व्हायचं होतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावातच, घरात दोन चुलते त्याच रेजिमेंटचे. "साहेब, फॉर्मवर केस नाही असं लिहू काय?" म्हणाला. नको म्हटलं. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय, की किरकोळ प्रकरण खरं सांगितलं तर नोकरी देणाऱ्यानं त्याचा विचार करून ठरवावं, पण माहिती दडवली तर तेवढ्यावरूनही काढता येतं. पासपोर्टचंही तसंच. कोर्टात खटला चालू असताना पासपोर्ट अडतो, पण कोर्टाची परवानगी आणली तर मिळू शकतो. गोव्यातून आखाताला जायच्या बेतात असलेल्यांनी हे आधी बघावं.

गाडी मात्र स्टेशनच्या आवारात पावसात भिजत होती, चेन गंजायला लागलेली. लोक खटला संपायची वाट बघतात, तशी गरज नाही. सुंदरभाई देसाई खटल्यात, २००२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं वाहनं स्टेशनात पडू देऊ नका असं सांगितलंय. ताब्यासाठी अर्ज केला, आरसी आणि विमा जोडला, हमीपत्र दिलं. गाडीला बाजारातला फटाके फोडणारा सायलेन्सर होता, आणि असा प्रत्येक बदल कलम १८२-अ खाली ५ हजारांच्या दंडाचा वेगळा मामला. ऑर्डर हातात आली तेव्हा वडील मुलाला घेऊन आधी स्टेशनात गेले नाहीत. गॅरेजमध्ये गेले, कंपनीचा जुना सायलेन्सर पोत्यात गुंडाळून घेतला, आणि मग गाडी आणायला निघाले.