सस्पेन्शन मॉडिफाय करायचंय? आधी गाडी लिफ्टवर चढवून बघा

गाडी वळणावर फार झुकते, ऐंशीच्या पुढे तरंगते, ब्रेक मारला की नाक खाली घालते, मग लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) टाकू का? हा प्रश्न मला ओळखीतले बरेच जण विचारतात आणि माझं पहिलं उत्तर कायम एकच असतं, गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी आधी करा, मग ठरवा.

हे मी अनुभवावरून सांगतोय. माझी हॅचबॅक ७८ हजार किलोमीटर चाललेली, रोज कासारवडवली ते ऐरोली. वळणांवर मागचा भाग कोणीतरी बाजूला ढकलतंय असं वाटायला लागलं, स्टीअरिंग मधोमध ढिलं. मी लोअरिंग स्प्रिंगचे पैसे बाजूला काढूनही ठेवलेले. आमच्या मिस्त्रींनी गाडी लिफ्टवर घेतली, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणारा दांडा) बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, टॉमी (लोखंडी दांडा) घालून हलवून दाखवलं तर रबर अर्धं फाटलेलं, जुन्या चपलेसारखं भेगाळलेलं. मग पुढच्या डाव्या शॉकअपचं (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) डस्ट कव्हर वर सरकवलं, आतल्या दांड्यावर तेल आणि धूळ मिळून काळा चिखल. लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधला जोडदांडा, हाताने हलवला तरी खट खट. म्हणजे डिझाइन चुकलेलं नव्हतंच, गाडी झिजली होती. बुश, लिंक रॉड, पुढचे दोन्ही शॉकअप, वरचं माउंटिंग बेअरिंगसकट, सगळं ओरिजिनल घातलं, अलाइनमेंट केलं आणि गाडी परत सरळ रेषेत चालायला लागली. स्प्रिंगचा विषय तिथेच संपला.

तर घरी काय बघायचं. सकाळी गाडी थंड असताना हवा चेक करा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर जो आकडा आहे तोच, पंपवाला म्हणेल तो नाही. कमी हवेवर गाडी वळणावर वळवळते आणि आपण दोष शॉकअपला देतो. मग टायरच्या बाजूचे चार आकडे बघा, ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२वा आठवडा. कडक झालेला जुना टायर असेल तर कितीही महाग सस्पेन्शन घाला, ग्रिप येणार नाही, कारण रस्त्याला शेवटी टायरच चिकटतो. टायरवरून हात फिरवा, आतली कड जास्त झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, ठिकठिकाणी खड्डे खड्डे जाणवत असतील तर बहुतेक शॉकअप गेलेत. बॉनेटचा एक कोपरा जोरात दाबून सोडा, गाडी वर येऊन एकदाच स्थिर झाली पाहिजे, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप संपले. पण न डुलली म्हणून पास समजू नका, अर्धवट गेलेला शॉकअप या टेस्टमध्ये पकडला जात नाही, त्यासाठी लिफ्टच लागते.

बदलताना शॉकअप कायम जोडीने बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. आणि एक गोष्ट मिस्त्रींना आवर्जून सांगा, रबर बुशचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना फायनल टाइट करायचे नाहीत, चाकांवर वजन आल्यावर करायचे. लटकलेल्या अवस्थेत आवळले की गाडी खाली आल्या आल्या बुश पिळलेल्याच अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो. नवीन बुश सहा महिन्यांत गेला म्हणून पार्टला शिव्या घालण्याआधी हे बघा.

एवढं सगळं करूनही समाधान नाही झालं तर? मग आधी चांगले टायर. त्यानंतर कंपनीच्या मूळ उंचीसाठीच बनवलेले, जरा कडक डॅम्पिंगचे शॉकअप. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते, पण ती उसळली की तिला आवरतो तो शॉकअप, त्यामुळे तरंगणं शॉकअपनेच थांबतं. अँटी-रोल बारने (डावं-उजवं सस्पेन्शन जोडणारा आडवा दांडा) झुकणं कमी होतं, पण नुसता पुढचा जाड केला तर गाडी वळणावर नाक बाहेर टाकते आणि मागचा जास्त जाड केला तर ओल्या रस्त्यावर शेपूट सुटू शकते, आपल्याकडच्या पावसाळ्यात हे खेळणं नाही.

लोअरिंगबद्दल स्पष्टच बोलतो, रोजच्या गाडीला नको. स्पीडब्रेकरसाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात १० सेंटिमीटर उंची आहे, आपल्या सोसायट्यांच्या गेटवर ती किती पाळलेली असते ते रोज दिसतंच. त्यात गाडी खाली घेतली की चाकाला वर जायला जागा कमी उरते, खड्ड्यात स्टॉपरवर आदळते आणि त्या क्षणी ग्रिप सुटते. बहुतेक हॅचबॅकना पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेली रचना) असतो, त्यात गाडी खूप खाली घेतली तर लोअर आर्मचा अँगल बिघडतो आणि झुकण्याची प्रवृत्ती उलट वाढते, हे कोणी दुकानात सांगत नाही. आणि स्प्रिंग कापून गाडी खाली करणं तर कृपा करून नकोच. कोपरखैरण्यातल्या माझ्या मावसभावाने कापली होती, जॅकवर गाडी उचलल्यावर स्प्रिंग तिच्या जागेतून सुटून तिरकी झाली, ते रस्त्यावर झालं असतं तर काय, विचार करूनच अंगावर काटा येतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इन्शुरन्स कंपनीला लेखी विचारल्याशिवाय तर काहीच बसवू नका, क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं.

काम शक्यतो दसऱ्याच्या आसपास काढा, जूनमध्ये नवे बुश घालून चार महिने घोडबंदरच्या खड्ड्यांत आपटण्यात अर्थ नाही. आणि पाचशे-हजार किलोमीटर झाले की परत एकदा अलाइनमेंट चेक करून घ्या, बोल्टही बघायला सांगा, उंची बदलली असेल तर हेडलाइटचा फोकसही सेट करून घ्या.