मुलांसाठी इतिहासाचे पुस्तक निवडताना

मुलांसाठी इतिहासाचे पुस्तक घेताना बहुतेक पालक मुखपृष्ठ आणि किंमत पाहतात, आणि शेवटी ओळखीच्या नावावर विसंबतात. आमच्या वसाहतीतील मुलांचे छोटे वाचनालय सांभाळताना मला मात्र वेगळी सवय लागली आहे. मी आधी पुस्तकातील एखादे साधे चित्र निवडते, शक्यतो स्वयंपाकघराचे किंवा बाजाराचे, आणि ते सावकाश पाहते.

ही सवय नऊ वर्षांच्या एका मुलीमुळे लागली. सम्राट अशोकाच्या काळातील घराचे चित्र घेऊन ती माझ्याकडे आली होती, आणि त्या चित्रात चुलीशेजारच्या सुपात लालभडक मिरच्या वाळत होत्या. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि मका ही पिके मूळची अमेरिका खंडातील. १४९८ मध्ये पोर्तुगीज जहाजे कालिकतला पोचली आणि त्यानंतरच्या काळात ती हळूहळू आपल्याकडे रुजली. अशोक त्याच्या सतराशेहून अधिक वर्षे आधीचा. अशी एक चूक सापडली म्हणून पुस्तक बाद करू नये, परंतु चित्रकाराला त्या काळाची माहिती कोणी पुरवली होती की नाही, हे तिच्यावरून कळते, आणि मग मजकूरही अधिक बारकाईने तपासावा लागतो.

मजकुरात सर्वांत आधी एकच गोष्ट शोधावी : हे आपल्याला कशावरून ठाऊक आहे, ते पुस्तक सांगते का? मोहेंजोदडोची लिपी अजून वाचता आलेली नाही. त्यामुळे तेथील राजाचे नाव आणि त्याचे संवाद एखाद्या पुस्तकात आले, तर ती लेखकाची कल्पना आहे. कल्पना असायला हरकत नाही, पण ती कल्पना आहे हे प्रस्तावनेत किंवा शेवटच्या पानावर मुलाला स्पष्ट सांगितलेले असावे. वस्तूच्या चित्राखाली तिचे माप दिले आहे का, तेही पाहावे. मोहेंजोदडोची प्रसिद्ध कांस्य नर्तिका पानभर छापली, की मुलांना ती देवळातील मूर्तीएवढी वाटते. प्रत्यक्षात तिची उंची सुमारे साडेदहा सेंटीमीटर आहे. पट्टीवर तेवढी खूण करून दाखवली, की मुले आपली मूठ तिच्याशेजारी ठेवून पाहतात आणि एवढ्याशा हातावरच्या बांगड्या कोणी कशा घडवल्या असतील, असे आपणहून विचारू लागतात.

चित्रकथांबाबत एक काळजी घ्यावी. एकाच मालिकेत पुराणातील कथा आणि ऐतिहासिक व्यक्तींची चरित्रे सारख्याच रूपात येतात, म्हणून घरी त्यांचे दोन वेगळे गठ्ठे करावेत. दोन्ही वाचावेत, पण ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत.

यानंतर पुस्तकात बोलते कोण, हे पाहावे. राजे, किल्ले आणि लढाया यांची पुस्तके भरपूर मिळतात. त्या काळच्या मुलांचे आयुष्य सांगणारी शोधावी लागतात. बारा वर्षांपुढील मुलांना तर मूळ लेखनच द्यावे, असे माझे ठाम मत आहे. पुण्यातील फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिने चौदाव्या वर्षाच्या सुमारास मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. आपल्याच वयाच्या मुलीने इतके थेट प्रश्न विचारले होते, हे वाचून मुले गप्प होतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लिहिलेली १९०१ च्या प्रवासाची आठवणही अशीच वाचून दाखवावी. साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेली, नव्या कपड्यांतील मुले मसूर स्थानकावर उतरतात, त्यांची जात कळताच स्टेशनमास्तर मागे सरकतो, आणि अखेर दुप्पट भाडे घेऊन गाडीवान तयार होतो, तोही मुलांनी गाडी स्वतः हाकावी आणि आपण शेजारून चालावे या अटीवर. जवळ खायला असूनही प्यायला पाणी न मिळाल्यामुळे त्या मुलांना रात्र उपाशी काढावी लागली. हा प्रसंग वाचताना घाई करू नये, आणि मुलाच्या प्रश्नाला ‘ते पूर्वी होते’ एवढेच उत्तर देऊन तो मिटवू नये.

आपला इतिहास आजच्या सीमेपाशी थांबत नाही. मोहेंजोदडोच आज पाकिस्तानातील सिंधमध्ये आहे. फाळणीवरची पुस्तके साधारण बाराव्या वर्षानंतर द्यावीत, आणि आधी स्वतः वाचावीत : दोन्ही बाजूंनी घरे सोडणारी माणसे पुस्तकात दिसतात का, की सगळे क्रौर्य एकाच समाजाच्या माथी मारले आहे? सीमारेषा जाहीर झाली ती १७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. हा तपशील नोंदवणारा लेखक सहसा इतर बाबतींतही काळजी घेतो. बंगाली भाषेसाठी २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात विद्यार्थ्यांनी प्राण दिले, ही गोष्ट मराठी मुलांनाही लगेच जवळची वाटते. परदेशात वाढणाऱ्या मुलांसाठी प्रथम बुक्सचे ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ उपयोगी पडते, कारण तेथे एकच गोष्ट मराठीत आणि इतर भाषांतही विनामूल्य वाचता येते.

वाचनाबरोबर काळ मोजून दाखवणारी एक दोरी जरूर करावी. दहा वर्षांना एक सेंटीमीटर असे माप धरले, तर एक मीटर म्हणजे हजार वर्षे होतात. आजच्या टोकापासून जेमतेम आठ सेंटीमीटरवर स्वातंत्र्य येते, पस्तीस सेंटीमीटरवर शिवराज्याभिषेक, सव्वादोन मीटरवर अशोक आणि साडेचार मीटरवर मोहेंजोदडो. अशोक बरोबर मध्यावर येतो, हे पाहून मोठ्यांनाही आश्चर्य वाटते. मुंबईजवळ राहणाऱ्यांनी त्यानंतर मुलांना छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेऊन सोपाऱ्याला सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा दाखवावा.

चुका सापडलेली पुस्तके आम्ही काढून टाकत नाही. मुले शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवतात. त्या मिरचीच्या पुस्तकात आता तीन चिठ्ठ्या आहेत. पहिलीत ‘या चित्रात मिरची नको होती’ असे लिहिले आहे, दुसरीत ‘मग तेव्हा तिखट कशाने करत असतील?’ असा प्रश्न आहे, आणि तिसरीत वेगळ्या अक्षरात उत्तर आहे : मिरी, पिंपळी, आले.